मापनाचे उपासक : जॉर्ज सायमन ओहम

आमच्या सुदामा नगरातील कोणत्याही घराच्या स्वयंपाकघरात डोकावावे. कुकर धातूचा, पण त्याची मूठ मात्र धातूची नसते. त्याच घरात तांब्याच्या तारा दिव्यापर्यंत वीज नेतात आणि त्या तारांवर प्लॅस्टिकचे वेष्टण असते. उष्णतेस व विजेस कोणता पदार्थ किती सहज वाट देतो, हे आज आपणांस पुस्तकातील कोष्टकात पाहावयास मिळते. परंतु दोनशे वर्षांपूर्वी विजेच्या बाबतीत हे मोजण्याची खात्रीची रीत उपलब्ध नव्हती. ती रीत ज्यांनी घालून दिली ते कोणी धनाढ्य संशोधक नव्हते, तर एका शाळेतील शिक्षक होते. त्यांचे नाव जॉर्ज सायमन ओहम.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन या गावी झाला. वडील कुलुपे तयार करणारे कारागीर होते. शाळेचे शिक्षण त्यांना लाभले नव्हते. तथापि स्वतःच्या परिश्रमाने त्यांनी गणित व विज्ञान आत्मसात केले आणि आपल्या मुलांना ते शिकविले. जॉर्ज दहा वर्षांचे असताना त्यांची आई वारली. १८०५ साली ते विद्यापीठात दाखल झाले. पण नृत्य, बिलियर्ड आणि बर्फावरील घसरखेळ यांत त्यांचा वेळ जाऊ लागला. हे पाहून वडील संतापले व जॉर्ज यांना विद्यापीठ सोडावे लागले. स्वित्झर्लंडमधील एका शाळेत शिकविता शिकविता त्यांनी अध्ययन चालू ठेवले आणि १८११ मध्ये एर्लांगेन येथेच डॉक्टरेट मिळविली.

१८१७ साली त्यांना कोलोन येथील विद्यालयात शिक्षकाची जागा मिळाली. तेथील प्रयोगशाळा सुसज्ज होती. वडिलांकडून लाभलेली हस्तकला येथे उपयोगी पडली. तारेची लांबी वाढविली असता विद्युत्प्रवाह कितपत घटतो, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १८२५ मध्ये त्यांनी आपला पहिला निष्कर्ष प्रसिद्ध केला. परंतु तो बरोबर नव्हता. त्या काळच्या विद्युत्घटाचा जोर क्षणाक्षणाला बदलत असे. तराजूचे वजनच जर कमीजास्त होऊ लागले, तर धान्याचे माप खरे कसे उतरणार?

पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाने त्यांना मार्ग सुचविला. दोन भिन्न धातू जोडून त्यांचा एक सांधा तप्त व दुसरा थंड ठेवला असता वीज वाहते, हे झेबेक यांनी १८२१ मध्ये दाखविले होते. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांची अशी जोडणी केली. एक सांधा उकळत्या पाण्याच्या उष्णतेवर व दुसरा बर्फात ठेवला. पाणी उकळते आहे व बर्फ वितळते आहे तोवर त्यांचे तापमान बदलत नाही. म्हणून विजेचा जोरही स्थिर राहतो. नंतर सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा त्यांनी घेतल्या. सर्वांत आखूड तार २ इंचांची, तर सर्वांत लांब १३० इंचांची होती. प्रवाहाने चुंबकसूची वळे. तिला मूळ जागी आणण्यासाठी टांगलेल्या धाग्यास किती पीळ द्यावा लागतो, यावरून प्रवाह मोजला जाई. या वेळी आकड्यांचा मेळ अचूक बसला. दाब तोच असता, मंडलाचा एकूण रोध जितक्या पट वाढेल तितक्या पट प्रवाह घटतो, हा नियम १८२६ मध्ये सिद्ध झाला.

फ्रेंच गणिती फूरिये यांनी १८२२ मध्ये उष्णतेच्या वहनाचे गणित मांडले होते. तापमानातील फरकामुळे उष्णता वाहते, तशीच विद्युद्दाबातील फरकामुळे वीज वाहते, अशा धर्तीवर ओहम यांनी १८२७ मध्ये आपला ग्रंथ बर्लिन येथे प्रसिद्ध केला. त्याचे स्वागत मात्र थंडपणे झाले. विद्यापीठातील पदाची आशा विफल झाली. त्यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढील कित्येक वर्षे बर्लिन येथे अल्प वेतनावर अध्यापन करून काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्यांना स्थिर पद मिळाले. १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक देऊन त्यांचा गौरव केला. म्यूनिच विद्यापीठातील प्राध्यापकपद हाती आले ते १८५२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी! ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वी एकच वर्ष, १८५३ मध्ये, वीडेमान व फ्रांझ यांनी दाखवून दिले की, जो धातू विजेस चांगली वाट देतो तो उष्णतेसही जवळजवळ त्याच प्रमाणात देतो. तांबे लोखंडापेक्षा वीज सुमारे सहापट व उष्णता सुमारे पाचपट सुलभतेने वाहून नेते. १८८१ मध्ये पॅरिस येथील विद्युत्परिषदेने विद्युत्रोधाच्या एककास ओहम हे नाव दिले. आपल्या इंदूरच्या विद्यापीठ परिसरातील संशोधन केंद्रातही द्रवरूप हेलियमने पदार्थ अतिशीत करून त्यांचा रोध मोजतात, तो याच एककात.

विद्यार्थी मित्रहो, चुकलेला निष्कर्ष कवटाळून न बसता, माप कोठे डळमळते याचा ओहम यांनी शोध घेतला. साधन होते उकळते पाणी, बर्फ व काही तारा. आपल्या शालेय प्रयोगशाळेत याहून अधिक साहित्य आहे. उणीव भासू नये ती त्यांच्यासारख्या चिकाटीची, एवढीच आमची इच्छा.