आधी मोजा, मग व्यायाम, मग पुन्हा मोजा : स्वामी कुवलयानंदांची शिकवण

मार्च १९२७ मध्ये खादीच्या प्रचारासाठी आणि निधीसाठी महात्मा गांधी महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. कोल्हापुरात एकामागून एक सभा झाल्या आणि त्यांची प्रकृती ढासळली. पुढे निपाणीत डॉक्टरांनी तपासले, तेव्हा रक्तदाब बराच वाढलेला आढळला. दौरा तिथेच थांबवावा लागला. विश्रांतीसाठी गांधीजींना आधी आंबोलीला आणि तिथून म्हैसूर संस्थानातल्या नंदी टेकडीवर नेण्यात आले. गारगोटीकरांना ही सगळी ठिकाणे ओळखीची आहेत. मुधाळतिट्ट्यावरून पूर्वेला वळले की निपाणी, आणि दक्षिणेला सह्याद्रीच्या कडेने गेले की आंबोली.

गांधीजी तेव्हा ५७ वर्षांचे होते. रोज चालणारा, मोजून खाणारा, व्यसनापासून दूर असलेला हा माणूस. रक्तदाब आत वाढत असताना बाहेरून त्याचा पत्ता लागत नाही, हे त्यांच्या आजारपणाने दाखवून दिले. त्या काळी रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा सर्पगंधेवरचा गाजलेला निबंध प्रसिद्ध व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. विश्रांती, आहार आणि बेताचा व्यायाम एवढेच उपाय हाती होते. पण वाढलेल्या रक्तदाबात कोणता व्यायाम चालेल आणि कोणता अंगाशी येईल, हे कोणाला विचारायचे? नंदी टेकडीवरून गांधीजींनी ज्यांच्याशी आसनांबाबत पत्रव्यवहार केला, ते होते लोणावळ्याचे स्वामी कुवलयानंद.

आखाड्यातून प्रयोगशाळेकडे

कुवलयानंदांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतल्या डभोई इथे, मराठी कुटुंबात. घरची परिस्थिती बेताची. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे बडोद्याला कॉलेजात असताना त्यांचे पाय जुम्मादादा व्यायामशाळेकडे वळले. तिथे राजरत्न प्रोफेसर माणिकराव शिकवत. १९०७ ते १९१० ही ३ वर्षे गुणे त्यांच्या हाताखाली देशी व्यायामात घडले. कोल्हापूरच्या तालमीत जसे वस्तादाच्या नजरेखाली पोर तयार होते, तसेच हे शिक्षण होते. वस्तादाला पट्ठ्याची तयारी डोळ्यांनी कळते. धाप किती लागली, घाम कसा आला, किती वेळात दम परत आला, हे तो बघतो. आकडा लिहून ठेवण्याची मात्र तिथे पद्धत नव्हती.

शिक्षण संपल्यावर गुणे खानदेशात अमळनेरला शिक्षक झाले. देश परतंत्र होता आणि तरुणांची शरीरे कमजोर होती. राष्ट्र उभे करायचे तर आधी शरीर कमवायला हवे, ही त्या पिढीची धारणा होती आणि ती गुण्यांचीही होती. अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. याच काळात नर्मदाकाठच्या मालसर इथल्या परमहंस माधवदासजी या योग्याशी त्यांची गाठ पडली. तिथे त्यांनी योगाच्या क्रिया शिकून घेतल्या आणि शिकता शिकताच एक प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. या क्रियांनी शरीरात नेमके काय होते?

याआधी हा प्रश्न फार कोणी विचारला नव्हता. भाविकांना उत्तराची गरज वाटत नव्हती आणि डॉक्टरांना प्रश्नच विचारण्याजोगा वाटत नव्हता. गुण्यांनी दोघांनाही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठले. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांच्या पोटाची क्ष-किरण चित्रे घेतली आणि आतला दाब मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यात काही अंशी निर्वात पोकळी तयार होते, असे आढळले. बस्तीच्या वेळी पाणी आत का ओढले जाते, याचा उलगडा त्यातून झाला. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे, माधवदासजींचे नाव दिले.

१९२४ साली लोणावळ्यात त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. त्यात एका बाजूला प्रयोगांचे अहवाल असत, तर दुसऱ्या बाजूला सामान्य वाचकासाठी आसनांची माहिती. आश्रम आणि प्रयोगशाळा एकाच आवारात, हे त्या काळी नवलच होते.

दंडावरची पट्टी आणि सर्वांगासन

रक्तदाब मोजण्याचे साधन तेव्हा तसे नवेच होते. १७३३ साली इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स यांनी घोड्याच्या रक्तवाहिनीला उभी काचनळी जोडून रक्त किती उंच चढते, ते जगासमोर मांडले होते. माणसावर असा प्रयोग अर्थातच करता येत नव्हता. १८९६ मध्ये इटलीच्या शिपिओने रिवा-रोची यांनी दंडाला गुंडाळायची, हवा भरायची पट्टी आणली. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी पट्टीखाली स्टेथोस्कोप ठेवून ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वरचा आणि खालचा, असे दोन्ही दाब ओळखून दाखवले. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा तो वरचा दाब आणि ते सैल पडते तेव्हाचा तो खालचा.

त्यानंतर जेमतेम २० वर्षांत कुवलयानंदांनी ही पट्टी योगासाठी वापरली. ‘योगमीमांसा’च्या १९२६ च्या अंकात सर्वांगासन आणि मत्स्यासन यांतल्या रक्तदाबाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. पाय वर आणि डोके खाली अशा स्थितीत रक्तदाब धोकादायक वाढत असेल, अशी शंका घेणे स्वाभाविक होते. आसनांच्या वेळी दाब चढतो, पण दमवणाऱ्या व्यायामात चढतो तेवढा नाही, असे त्यांच्या मोजणीतून पुढे आले. निरोगी माणसाच्या हृदयावर या आसनांचा फार बोजा पडत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

हे मोजणे सोपे नव्हते. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असेल, तर आकडा सुमारे ८ मिलिमीटरने जास्त येतो आणि तेवढाच वर असेल तर तेवढाच कमी. उलट्या आसनात दंडाची पातळी सांभाळणे म्हणजे कसरतच. शिवाय आजच्या कसोटीवर हे प्रयोग लहान ठरतात. तुलनेसाठी वेगळा गट ठेवणे, मोठ्या संख्येने माणसे तपासणे, ही शिस्त वैद्यकात नंतर रुजली. तरी त्यांची रीत आजही टिकून आहे. माणूस स्वस्थ बसलेला असताना एक नोंद, श्रम चालू असताना दुसरी आणि श्रम संपल्यावर तिसरी.

गांधीजींच्या आजारपणात ही रीतच कामी येण्यासारखी होती. आसने चांगली की वाईट, असा सरसकट निवाडा रुग्णाच्या उपयोगाचा नसतो. या माणसाच्या या अवस्थेत या व्यायामाने दाब किती बदलतो, हे पाहूनच पुढचे पाऊल टाकायचे असते. रक्तदाब फार वाढलेल्यांनी शीर्षासनासारखी आसने आपल्या मनाने करू नयेत, ही सावधगिरी कुवलयानंदांनी कायम सांगितली. योगाचा प्रचार करणाऱ्याने योगाच्या मर्यादाही सांगाव्यात, हे तेव्हा दुर्मीळ होते आणि आजही फारसे सर्रास नाही.

नोंदवहीतून दिसणारी प्रगती

कुवलयानंदांच्या काळात श्रमाच्या वेळचा रक्तदाब हा कुतूहलाचा विषय होता. आज त्याचे गणित बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. चालणे, पळणे, सायकल, पोहणे अशा व्यायामात स्नायूंना जास्त रक्त लागते. हृदय जोराने रक्त ढकलते, म्हणून वरचा दाब चढतो. त्याच वेळी स्नायूंमधल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून खालचा दाब जवळजवळ तिथेच राहतो किंवा थोडा उतरतो. वजन उचलताना किंवा एका जागी ताणून धरताना मात्र दोन्ही दाब चढतात, आणि श्वास रोखला तर आणखीच. म्हणून रक्तदाब असलेल्याने जोर मारताना किंवा वजन उचलताना श्वास कोंडू नये.

निरोगी माणसात जोराच्या व्यायामात वरचा दाब १६० ते २०० पर्यंत जाणे नवलाचे नाही. तो पुरुषांत २१० च्या आणि स्त्रियांत १९० च्या पुढे गेला, तर प्रतिसाद प्रमाणाबाहेर मानतात. अशा माणसाचा बसल्या जागीचा दाब आज ठीक असला, तरी पुढे उच्च रक्तदाब जडण्याची शक्यता अधिक असते. याउलट श्रम वाढत असताना दाब चढण्याऐवजी उतरू लागला, तर हृदयाला काही अडचण असू शकते. व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे लागते.

तंदुरुस्ती वाढली की नाही, हेही याच प्रतिसादातून कळते. नियमित व्यायामाने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते आणि रक्तवाहिन्या लवचिक होतात. मग तेवढ्याच श्रमाला नाडी आणि वरचा दाब पूर्वीपेक्षा कमी चढतात आणि लवकर खाली येतात. व्यायामानंतर काही तास दाब आधीपेक्षाही थोडा खाली राहतो. उच्च रक्तदाबाच्या माणसाने काही आठवडे नेमाने चालण्यासारखा व्यायाम केला, तर बसल्या जागीचा वरचा दाबही साधारण ५ ते ८ मिलिमीटरने उतरतो.

तुलना करायची तर श्रम मात्र तेच हवेत. गारगोटीच्या माणसाला त्यासाठी ट्रेडमिलची गरज नाही. मैदानाच्या ठरावीक फेऱ्या किंवा भुदरगडाच्या चढणीचा ठरावीक टप्पा, तेवढ्याच वेळात पार करायचा. त्याआधी ५ मिनिटे पाठ टेकून, न बोलता बसायचे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवायचा आणि दाब मोजायचा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी किंवा तंबाखू नको. श्रम संपल्यावर बसून १ मिनिटाने, ५ मिनिटांनी आणि १० मिनिटांनी पुन्हा मोजायचे. घरगुती यंत्र चालता-पळताना बरोबर आकडा देत नाही, म्हणून श्रम चालू असतानाची नोंद डॉक्टरांच्या चाचणीसाठी सोडायची. आठवड्यातून एकदा हे केले आणि नोंदवहीत लिहिले, तर ६ ते ८ आठवड्यांनी उतार दिसू लागतो.

एका दिवसाच्या आकड्यावरून मात्र हरखू नये आणि घाबरूही नये. अपुरी झोप, ऊन, चिंता, भरलेले पोट यांनी आकडा हलतो. नाडीचा वेग कमी ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर प्रतिसाद वेगळा दिसतो. बसल्या जागीच दाब १८०/११० किंवा त्याहून अधिक असेल, तर त्या दिवशी व्यायाम करू नये, आधी डॉक्टरांकडे जावे. छातीत दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप ही लक्षणे आली, तर नोंदवही बाजूला ठेवून मदत घ्यावी. आणि आकडे सुधारले म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

शेवटपर्यंत शिक्षक

कुवलयानंदांचे उरलेले आयुष्य हे काम पसरवण्यात गेले. १९३६ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ कैवल्यधामचे आरोग्यकेंद्र उभे राहिले. शाळांमधल्या मुलांना रांगेत उभे राहून एकत्र करता येतील, असे यौगिक व्यायाम त्यांनी बसवले आणि मुंबई इलाख्याच्या शारीरिक शिक्षणाच्या आखणीतही भाग घेतला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे संशोधक के. टी. बेहनन यांनी लोणावळ्यात राहून योगाचा अभ्यास केला आणि १९३७ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वातंत्र्यानंतर लोणावळ्यातच योगाचे महाविद्यालय सुरू झाले.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंद गेले. कैवल्यधामच्या आवारात संशोधन आजही चालू आहे. त्यांच्या उमेदीच्या काळात रक्तदाबाचे यंत्र रुग्णालयात आणि मोजक्या प्रयोगशाळांत मिळे, आज ते गावोगावच्या औषध दुकानात मिळते. घरोघरी ते बहुधा कपाटात पडून असते आणि डोके दुखले, की बाहेर निघते. कोणी आजारी नसतानाही ते आठवड्यातून एकदा बाहेर निघावे आणि व्यायामाच्या आधीचा व नंतरचा आकडा वहीत उतरावा, एवढे जमले तरी पुष्कळ झाले.