जे.आर.डी. टाटा

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा (जन्म : पॅरिस, फ्रान्स, २९ जुलै १९०४, मृत्यू : जिनिव्हा, स्वित्झर्लंड, २९ नोव्हेंबर १९९३) हे भारतीय उद्योगपती आणि भारतातील नागरी हवाई वाहतुकीचे आद्य प्रवर्तक होते. ते जे.आर.डी. टाटा किंवा नुसते ‘जेआरडी’ या नावाने ओळखले जात. भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्यांचा होता. १९३८ ते १९९१ या काळात ते टाटा सन्सचे अध्यक्ष होते. १९९२ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च नागरी सन्मान दिला.

वेगवान मोटारी आणि लहान विमाने यांची ओढ त्यांना तरुणपणापासून होती. चालकाला सावरून घेणारी कोणतीही यंत्रणा नसलेली वाहने त्यांनी चालवली. पुढे मात्र त्यांनी जी विमान कंपनी उभारली, तिचे कामकाज उपकरणे, प्रशिक्षित कर्मचारी आणि काटेकोर शिस्त यांवर आधारलेले होते.

जन्म आणि बालपण

जेआरडींचे वडील रतनजी दादाभॉय टाटा हे उद्योगमहर्षी जमशेटजी टाटा यांचे नातलग व व्यवसायातील सहकारी होते. आई सुझान ब्रिएर या फ्रेंच होत्या. विवाहानंतर त्यांचे नाव सूनी ठेवण्यात आले. पाच भावंडांत जेआरडी दुसरे. वडिलांच्या व्यवसायामुळे कुटुंबाचे वास्तव्य फ्रान्स, भारत आणि जपान असे बदलत राहिले, आणि त्यांचे शालेय शिक्षणही या तिन्ही देशांत झाले.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्देलो येथे टाटा कुटुंबाचे उन्हाळी घर होते. १९०९ साली इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरियो यांचेही घर तेथेच होते. ब्लेरियो यांचे विमान त्या वाळूवर उतरत असे. ते पाहूनच लहानग्या जहांगीरच्या मनात वैमानिक होण्याची इच्छा रुजली. वयाच्या १५ व्या वर्षी त्यांनी विमानातून पहिली फेरी मारली.

१९२३ साली आईचे निधन झाले. फ्रेंच नागरिक असल्याने जेआरडींना फ्रेंच सैन्यात सक्तीची सेवा करावी लागली. ती त्यांनी ‘स्पाही’ या घोडदळात केली. पुढे केंब्रिज विद्यापीठात शिकण्याचा त्यांचा विचार होता. परंतु वडिलांनी त्यांना भारतात बोलावून घेतले. १९२५ च्या डिसेंबरमध्ये ते टाटा कंपनीत बिनपगारी उमेदवार म्हणून दाखल झाले. १९२६ साली वडील वारले, आणि २२ वर्षांच्या जेआरडींवर कुटुंबाची जबाबदारी आली. १९२९ साली त्यांनी फ्रेंच नागरिकत्वाचा त्याग केला.

मोटारींची आवड

मुंबईत आल्यावर जेआरडींकडे बुगाटी ही फ्रेंच बनावटीची शर्यतीच्या धाटणीची मोटार होती. त्या काळातील बुगाटी मोटारी वजनाने हलक्या आणि वेगवान असत. त्यांचे ब्रेक तारांनी ओढले जात. वळणावर मागची चाके घसरू लागली, तर सुकाणूचक्र आणि वेग यांचा मेळ घालून मोटार सावरणे हे सर्वस्वी चालकाच्या हातांवर अवलंबून होते. घसरण ओळखून एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावणारी ‘इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल’ ही यंत्रणा मोटारींत आली ती १९९५ साली, म्हणजे जेआरडींच्या मृत्यूनंतर.

ही मोटार मुंबईच्या रस्त्यांवर भरधाव चालवल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरण्यात आला. बचावासाठी त्यांनी जॅक विकाजी या नामांकित वकिलांची मदत घेतली. त्यांच्याच पुतणीशी, थेल्मा विकाजी यांच्याशी, जेआरडींचा विवाह १९३० च्या डिसेंबरमध्ये झाला. जेआरडींच्या चरित्रांत हा प्रसंग सहसा प्रेमकथेची नांदी म्हणून सांगितला जातो. मात्र त्याला दुसरीही बाजू आहे. शर्यतीच्या मार्गावर चूक झाली तर तिची किंमत मुख्यतः चालक मोजतो. शहरातील रस्त्यावर ती पादचाऱ्यालाही मोजावी लागते.

वैमानिक परवाना

१९२९ च्या आरंभी जेआरडींनी मुंबईत विमान चालवण्याचे शिक्षण सुरू केले. शिक्षकासोबतचे चार तासांहूनही कमी उड्डाण झाल्यावर त्यांनी एकट्याने विमान उडवले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना ‘एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा’चा क्रमांक १ चा परवाना मिळाला.

त्याच सुमारास आगाखान यांनी इंग्लंड व भारत यांदरम्यान एकट्याने विमानप्रवास करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी ५०० पौंडांचे पारितोषिक जाहीर केले. १९३० साली जेआरडी जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून इंग्लंडकडे निघाले, तर अस्पी इंजिनीअर हा तरुण इंग्लंडहून उलट दिशेने येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी स्पार्क प्लगअभावी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना दिला. अस्पी काही तासांच्या फरकाने आधी पोहोचले आणि पारितोषिक त्यांना मिळाले. हेच अस्पी इंजिनीअर पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

हवाई टपाल सेवा

ब्रिटिश हवाई दलातील माजी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट यांनी कराचीपर्यंत विमानाने येणारी विलायती डाक पुढे मुंबई व मद्रासला विमानानेच नेण्याची योजना टाटांपुढे मांडली. सुमारे २ लाख रुपयांचे भांडवल आणि दोन लहान विमाने यांनिशी ही सेवा सुरू झाली. सरकारी अनुदान नव्हते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ विमानात डाकेच्या पिशव्या घेऊन निघाले. अहमदाबादला इंधन भरून ते मुंबईत जुहू येथे उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी बेळ्ळारीमार्गे मद्रासपर्यंत डाक नेली.

पस मॉथ हे एका इंजिनाचे, बंद कक्षाचे छोटे विमान होते. त्यात रेडिओ नव्हता. वाटेवर दिशादर्शक दीप किंवा संदेश देणारी केंद्रेही नव्हती. नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि खाली दिसणारे नदी, लोहमार्ग व किनारा यांवरून वैमानिक आपले स्थान ठरवत असे. वारा बाजूने वाहत असल्यास विमान किती वाहवत गेले याचा हिशेबही त्यालाच मनाशी करावा लागे. याच जातीच्या काही विमानांचे पंख खवळलेल्या हवेत तुटून त्या काळी जीवघेणे अपघात झाले होते.

जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतची सखल जमीन होती. पावसाळ्यात ती चिखलाने भरत असल्याने त्या महिन्यांत विमाने पुण्याहून ये-जा करीत. अशा परिस्थितीतही या सेवेने वक्तशीरपणाचा लौकिक मिळवला.

एअर इंडिया

टाटांच्या विमान कंपनीचे १९४६ साली ‘एअर-इंडिया’ या सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ या लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमानाने कैरो व जिनिव्हामार्गे मुंबई-लंडन सेवा सुरू झाली. १९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींचा त्याला विरोध होता, तरीही एअर इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९७८ पर्यंत सांभाळले.

एकट्याने पस मॉथ उडवणाऱ्या जेआरडींच्या कंपनीतील कॉन्स्टेलेशन विमानांत वैमानिकांच्या जोडीला मार्गदर्शक, रेडिओचालक आणि अभियंता असत. स्वतः प्रवास करताना जेआरडी विमानातील त्रुटींची बारकाईने टिपणे काढत आणि ती संबंधितांकडे पाठवत. पडदे, चहा-कॉफी, स्वच्छतागृहे असे कोणतेच तपशील त्यांतून सुटत नसत.

अपघात

जेआरडींच्या कार्यकाळात कंपनीला काही भीषण अपघात सोसावे लागले. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर ‘कांचनजंगा’ हे बोइंग ७०७ विमान कोसळून ११७ जण मृत्युमुखी पडले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा त्यांत होते. या दुसऱ्या अपघातात विमानातील एक दिशादर्शक उपकरण नादुरुस्त होते, आणि जमिनीवरून मिळालेल्या सूचनेचा वैमानिकाने वेगळा अर्थ घेतला.

१ जानेवारी १९७८ रोजी मुंबईहून दुबईकडे निघालेले ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ विमान उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. उजवीकडे वळण घेऊन विमान सरळ झाल्यावरही मुख्य वैमानिकापुढील कलदर्शक विमान उजवीकडेच कलल्याचे दाखवत राहिला. बाहेर रात्र होती आणि खाली काळा समुद्र. क्षितिज दिसत नव्हते. वैमानिकाने विमान डावीकडे वळवत नेले आणि ते उलटले. शेजारच्या इतर उपकरणांशी ताडून पाहून विमान सावरण्यात कर्मचारी अपयशी ठरले, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

अंधारात मानवी शरीराला कल समजत नाही, म्हणून उपकरण आवश्यक असते. आणि उपकरण बिघडू शकते, म्हणून ते तपासणारा कुशल माणूसही आवश्यक असतो. या अपघातातून दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसून आल्या.

स्मरण-उड्डाणे

पहिल्या डाक-उड्डाणाला ३० वर्षे झाल्यावर १९६२ साली जेआरडींनी कराची-मुंबई हा प्रवास लेपर्ड मॉथ या जुन्या विमानातून पुन्हा केला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, सुवर्णमहोत्सवानिमित्त, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तो आणखी एकदा केला. त्या काळी संगणकाच्या साहाय्याने चालणारी मोठी जेट विमाने रूढ झाली होती.

उद्योग आणि संस्था

१९३८ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. १९४५ साली टेल्कोची स्थापना झाली. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (१९४५) यांच्या उभारणीत त्यांच्या नेतृत्वाखालील टाटा विश्वस्त निधींचा मोठा वाटा होता. लोकसंख्येच्या प्रश्नाकडे त्यांनी स्वातंत्र्यानंतर लवकरच लक्ष वेधले. त्याबद्दल १९९२ साली त्यांना संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार मिळाला.

सन्मान

पद्मविभूषण (१९५५), भारतीय हवाई दलातील मानद एअर व्हाइस मार्शल हे पद (१९७४), डॅनिएल गुगेनहाइम पदक (१९८८) आणि भारतरत्न (१९९२) हे त्यांना मिळालेले प्रमुख सन्मान होत.

मृत्यू आणि वारसा

२९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे जेआरडींचे निधन झाले. पॅरिसमधील पेर लाशेज दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले.

त्यांच्या कार्यकाळात, १९७४ साली, मुंबईच्या नरिमन पॉइंट येथे एअर इंडियाची २३ मजली इमारत उभी राहिली. बॅक बेच्या काठावरील ही इमारत कफ परेडच्या मच्छीमार नगराच्या बाजूने पाहिले असता दक्षिण मुंबईच्या किनाऱ्याची खूण ठरते. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया पुन्हा टाटा समूहाकडे आली.

शर्यतीच्या मार्गावर मोटार चालवताना स्थैर्य राखणारी यंत्रणा बंद ठेवावी की चालू, या आजच्या वादाच्या संदर्भात जेआरडींचे जीवन उद्बोधक ठरते. यंत्रणेच्या आधाराशिवाय वाहन हाताळल्याने त्याचा स्वभाव कळतो आणि हात तयार होतो. जेआरडींची जडणघडण तशीच झाली. मात्र ते धाडस त्यांनी मुख्यतः एकट्याच्या उड्डाणांत केले. इतरांचे प्राण सोबत असताना त्यांच्या कंपनीने उपलब्ध असलेले प्रत्येक साहाय्य घेतले. आधार बाजूला ठेवण्याचा अधिकार कौशल्याइतकाच, चुकीची किंमत कोण मोजणार यावरही अवलंबून असतो, हे त्यांच्या वाटचालीतून स्पष्ट होते.