मत्स्यविनोद लिहिणारा राजा

श्रीपूरपासून मंगळवेढा काही फार दूर नाही. बाराव्या शतकात तिथे कलचुरी सामंत होते आणि त्यांचे धनी कल्याणीला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, राहत. ११२६ च्या सुमारास त्या गादीवर चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बसला. आपला हा भीमाकाठ त्याच्याच राज्यात होता. शेततळ्यात माशांना खाद्य टाकणाऱ्या आजच्या शेतकऱ्याने त्याचे नाव ऐकले असेलच असे नाही. पण कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, हे नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवणारा राजा तो हाच.

त्याचे वडील सहावे विक्रमादित्य. पन्नास वर्षे राज्य केलेले, दरबारी बिल्हणासारखा कवी आणि मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर असलेले. अशा बापाच्या मागून गादीवर येणे सोपे नसते. दक्षिणेत होयसळ विष्णुवर्धन डोके वर काढत होता. सोमेश्वराची ओळख मात्र रणांगणापेक्षा ग्रंथांवरून राहिली. भूलोकमल्ल ही पदवी त्याने घेतलीच, पण लोक त्याला सर्वज्ञही म्हणत. वडिलांचे चरित्र त्याने लिहायला घेतले, ते अपुरेच राहिले. पुरा झाला तो मानसोल्लास. काळ साधारण ११२९.

या संस्कृत ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस प्रकरणे. राज्य मिळवणे आणि टिकवणे इथपासून ते खाणेपिणे, संगीत, खेळ यांपर्यंत सगळे त्यात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात ही नोंद मराठीच्या अभ्यासकांना त्यातच सापडली. मांडे आणि धिरड्यासारखे पदार्थही तिथे भेटतात. करमणुकीच्या भागात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. राजाने गळ टाकून मासे कसे धरावेत, हा त्याचा विषय.

विषय शिकारीचा, पण मांडणी निरीक्षकाची. सुमारे पस्तीस प्रकारचे मासे त्याने नोंदवले. समुद्रातले आणि गोड्या पाण्यातले वेगळे केले, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे वेगळे केले. मग त्यांचे खाणे सांगितले. काहींना तिळाची पेंड, भात, सातूच्या पिठाचे गोळे, काहींना मांस. सर्वांना एकच चारा चालत नाही, हे त्याने गृहीतच धरले होते. हेतू अर्थात मासा जागेवर रुळावा आणि गळाला लागावा इतकाच. भूतदया त्यात शोधू नये.

या भेदाचे कारण आता शरीरशास्त्र सांगते. रोहू, मृगळ यांना जठर नसते, आतडे मात्र शरीराच्या कितीतरी पट लांब असते. त्यामुळे कोंडा, मका, ज्वारी, तुकडा तांदूळ यांतला स्टार्च त्यांना बऱ्यापैकी पचतो. मरळीसारख्या मांसाहारी माशाचे आतडे आखूड. त्याला पिष्टमय खाद्य जास्त झाले तर रक्तातली साखर चढते आणि तासन् तास उतरत नाही, यकृतात ग्लायकोजेन साचत जाते. मधुमेही माणसाला गोड खाऊ घातल्यासारखाच हा प्रकार. खाद्यावर मत्स्यशेतीतला निम्म्याहून अधिक खर्च जातो, म्हणून स्वस्त धान्याकडे हात वळणे साहजिक आहे. पण तळ्यात कटला-रोहू आहेत की मरळ, हा प्रश्न भाव विचारण्याच्या आधीचा.

सोमेश्वराच्या लिखाणात एक गोष्ट मात्र नाही: खनिजे. त्याला त्यांची गरजही पडली नसती. त्याचे मासे नदीत आणि मोठ्या तलावांत होते. पेंड हे त्यांचे वरचे खाणे. शेवाळ, किडे, गाळ हे मूळचे. आपल्या शेततळ्यात खाली प्लास्टिकचा कागद असतो. चिखल नाही, त्यातले जीव नाहीत, म्हणजे जे काही मिळायचे ते खाद्यातूनच. मासा कॅल्शियम कल्ल्यांवाटे पाण्यातून उचलू शकतो, फॉस्फरस मात्र त्याला बहुतेक खाण्यातूनच लागतो. कोंडा आणि पेंड यांत फॉस्फरस भरपूर असतो, पण त्यातला बराचसा फायटेटच्या रूपात अडकलेला असतो आणि तो सोडवणारे विकर माशाच्या आतड्यात जवळपास नसते. खाद्य पोटभर, तरी वाढ खुंटते, पाठीचा कणा वाकडा होतो. म्हणून खाद्यात डायकॅल्शियम फॉस्फेट किंवा खनिज मिश्रण घालतात. तेही मोजूनच, जास्तीचा फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि तळे हिरवेगार होते.

श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात आणखी एक मोह असतो, मळीचा. मळी थोडी खाद्यात बांधणीसाठी चालते. पाण्यात टाकली तर जिवाणू ती साखर खाऊन वाढतात आणि वाढताना अमोनिया ओढून घेतात. फायदा खरा आहे. पण ते जिवाणू प्राणवायूही तितक्याच वेगाने संपवतात. हवा देणारे यंत्र नसेल, किंवा रात्री वीज गेली, तर पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडत येतात आणि उजाडेपर्यंत तळे पांढरे पडलेले असते.

११३८ मध्ये सोमेश्वराचे राज्य संपले. पुढच्या पंचवीस वर्षांच्या आत मंगळवेढ्याच्याच कलचुरी बिज्जलाने कल्याणीची गादी बळकावली. ग्रंथ हस्तलिखितांतून टिकला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन श्रीगोंदेकरांनी तो संपादित केला. पहिला खंड १९२५ चा. मत्स्यविनोदाला जाणता वाचक मिळायला १९५१ उजाडले. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे तेव्हाचे संचालक सुंदरलाल होरा यांनी त्यावर लेख लिहिला आणि राजाने दिलेली माशांची नावे आजच्या जातींशी जुळवून पाहिली. होरा त्याआधी बंगालमध्ये मत्स्यव्यवसायाचे संचालक होते. दरबाराच्या करमणुकीसाठी लिहिलेले ते श्लोक त्यांनी दक्षिणेतल्या माशांची नोंदवही म्हणून वाचले.