दिवा हातात, लक्ष खिडकीकडे

1859-60 च्या हिवाळ्यात लंडनमध्ये रुग्णसेवेवरचे एक लहानसे पुस्तक बाजारात आले आणि हातोहात खपले. नाव होते 'नोट्स ऑन नर्सिंग'. ते परिचारिकांच्या शाळेसाठी लिहिलेले नव्हते. घरात कधी ना कधी आजाऱ्याची उशी सारखी करावी लागणाऱ्या सामान्य बायकांसाठी ते होते. त्याचे पहिले प्रकरण औषधांवर असेल, मलमपट्टीवर असेल अशी अपेक्षा ठेवून पान उलटणाऱ्याला तिथे भेटायची ती हवा. खोलीतली हवा कुठून येते, कुठे जाते आणि ती आत घेताना माणूस गारठतो का, एवढ्या तीन प्रश्नांवर लेखिकेने अख्खे प्रकरण खर्चले होते.

लेखिका होती फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शाळेच्या पुस्तकातून आपल्याला ती भेटते ती रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी. त्या दिव्याच्या उजेडात तिचे दुसरे, अधिक चिवट काम झाकले गेले. घर बांधणाऱ्या प्रत्येकाला उपयोगी पडेल असे ते काम आहे.

तिचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव मुलीला मिळाले. घर सुखवस्तू होते. डर्बीशायर आणि हॅम्पशायरमध्ये दोन मोठाली घरे. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची आणि आकडेमोडीची ओढ होती. त्या काळच्या श्रीमंत घरातल्या मुलीने चांगले स्थळ पाहून लग्न करावे, एवढीच अपेक्षा होती आणि स्थळ चालूनही आले होते. तिने नकार दिला. रुग्णसेवा शिकायची म्हटल्यावर घरात आकांत झाला, कारण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये इस्पितळातली चाकरी म्हणजे गरीब, अशिक्षित बायकांचे काम. अनेक वर्षांच्या ओढाताणीनंतर 1851 मध्ये ती जर्मनीतल्या कायझर्सवर्थ इथे शिकायला गेली आणि 1853 मध्ये लंडनमधल्या एका छोट्या रुग्णालयाची प्रमुख झाली.

पुढच्याच वर्षी ब्रिटन क्रायमियाच्या युद्धात उतरले. 38 परिचारिका घेऊन ती नोव्हेंबर 1854 मध्ये स्कुटारीला पोचली. हे ठिकाण आज इस्तंबूल शहराचा भाग आहे. तिथली तुर्की बराक इंग्रजांनी इस्पितळ म्हणून वापरायला घेतली होती. इमारत भव्य होती, पण तिच्या पोटात तुंबलेली गटारे होती. वारा सुटला की संडासांच्या नळांतून तीच हवा उलटी वर चढायची आणि लांबलचक ओवऱ्यांतून थेट रुग्णांच्या उशाशी यायची. म्हणजे हवा खेळत होती, चांगलीच खेळत होती. पण येत होती गटारातून.

नाइटिंगेलबाईंनी स्वयंपाकघर लावले, चादरी धुवून घेतल्या, सामान मिळवले. तरीही माणसे मरत राहिली. फेब्रुवारी 1855 मध्ये मृत्यूचे प्रमाण सुमारे 42 टक्क्यांवर गेले. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला. डॉ. जॉन सदरलंड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन यांनी गटारे उपसली, पाण्याच्या वाटेत पडलेली मेलेली जनावरे काढली, भिंतींना चुना लावला, हवेसाठी वाटा केल्या. जूनपर्यंत मृत्यू दोन टक्क्यांच्या आसपास आले.

याचा अर्थ तिला तिथे असताना उमगला नव्हता. युद्ध संपल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत ती आकडे घेऊन बसली, तेव्हा चित्र उघडे पडले. लढाईतल्या जखमांपेक्षा कितीतरी पट अधिक सैनिक रोगांनी गेले होते आणि तिच्या स्वतःच्या देखरेखीखालचे इस्पितळ सर्वांत वाईटांपैकी होते. देश तिचा जयजयकार करत होता त्याच काळात ती हा हिशेब मांडत होती. तिने तो लपवला नाही. रंगीत पाकळ्यांसारख्या आकृत्या काढून महिन्यागणिक मृत्यू दाखवले आणि मंत्र्यांच्या टेबलावर ठेवले. 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सदस्य करून घेतले. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. क्रायमियात जडलेल्या आजाराने तोवर तिला अंथरुणाला खिळवले होते आणि पुढची बहुतेक कामे तिने खोलीतूनच केली.

'नोट्स ऑन नर्सिंग' या अनुभवातून आले, म्हणूनच ते हवेपासून सुरू होते. तिचा पहिला नियम साधा आहे. आतली हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध असावी आणि ती तशी ठेवताना आतल्या माणसाला थंडी वाजू नये. नियमाचे हे दोन भाग एकमेकांशी भांडतात. आज थंड देशांतल्या घरांत जी संतुलित वायुवीजनाची यंत्रे बसवतात, ती हे भांडण मिटवण्यासाठीच असतात. एक पंखा जेवढी ताजी हवा आत घेतो तेवढीच शिळी हवा दुसरा बाहेर टाकतो आणि जाणारी ऊबदार हवा येणाऱ्या गार हवेला वाटेत ऊब देऊन जाते. नाइटिंगेलबाईंकडे यंत्र नव्हते. वरून उघडणारी खिडकी आणि पेटती शेकोटी एवढ्यावर त्या भागवत. शेकोटीच्या धुराड्यातून हवा वर खेचली जाई आणि खिडकीतून नवी येई.

दार उघडे ठेवले की हवा मिळाली, या समजुतीवर त्यांचा विशेष राग होता. दारातून येते ती बोळातली, मोरीजवळची, शेजारच्या खोलीतली वापरलेली हवा. खिडकी उघडायची, दार लावायचे, असे त्यांचे सांगणे होते. रात्रीची हवा बाधते म्हणून खिडक्या घट्ट लावून घेणाऱ्यांनाही त्यांनी चिमटा काढला होता. रात्री हवा मिळणार ती रात्रीचीच. बाहेरची ताजी घ्यायची की आतली कोंडलेली, एवढेच ठरवायचे असते.

त्याच पुस्तकात त्यांनी एक इच्छा लिहून ठेवली. मँचेस्टरचे रसायनशास्त्रज्ञ अँगस स्मिथ यांनी हवा तपासायची रीत काढली होती. ती सोपी झाली तर तापमापीसारखी प्रत्येक झोपायच्या खोलीत असावी, असे बाईंना वाटे. साधारण त्याच वेळी म्युनिचमध्ये माक्स फॉन पेटेनकोफर कार्बन डायऑक्साइड मोजत होते. दहा लाख भागांत हजार भागांपलीकडे हा वायू गेला की खोली कोंदट समजावी, असा अंदाज त्यांनी 1858 मध्ये बांधला. तो आकडा आजही वापरात आहे. हा वायू त्या प्रमाणात विषारी नसतो. माणसांनी सोडलेला श्वास खोलीत किती साचला आहे याचा तो निर्देशक. बाहेरच्या हवेत तो सध्या 420 च्या आसपास असतो. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली घ्या. त्यात दोन माणसे झोपली आणि दारे-खिडक्या खरोखर हवाबंद असतील, तर हा आकडा तासाला सुमारे 700 ने चढेल. प्रत्यक्षात फटींतून थोडी हवा येते म्हणून वेग कमी पडतो, पण एसी लावून बंद केलेल्या खोलीत पहाटेपर्यंत हजाराची मर्यादा सहज मागे पडते. भिंतीवरचा नेहमीचा एसी आतलीच हवा गार करून परत देतो, नवी आणत नाही. बाईंना हवे होते ते उपकरण आता काही हजार रुपयांत मिळते.

पुस्तक लिहिले गेले ते लंडनच्या थंडीसाठी. भारतातल्या उन्हाळ्यात उघड्या खिडकीचा आग्रह धरावा का, हा प्रश्न बाईंच्या हयातीतच उठला. चरित्रकार लिटन स्ट्रॅची याने 1918 मध्ये त्यांच्या खिडकीच्या हट्टाची थट्टाही केली. थट्टेत तथ्य आहे. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरला मे महिन्यात भर दुपारी खिडकी सताड उघडली तर आत येईल ती भट्टीची झळ आणि फुफाटा. तिथल्या जुन्या माळवदाच्या घरांनी हे कोडे आपल्या परीने सोडवले होते. जाड भिंती, वर मातीचा जाड थर, बाहेरच्या बाजूला लहान खिडक्या, मध्ये चौक आणि माळवदाला ठेवलेले सानं. दिवसा ऊन बाहेर राही, धूर आणि तापलेली हवा वरच्या भोकातून निघून जाई. उजेड कमी, चुलीचा धूर पुष्कळ, हे दोषही होतेच. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे माणसांवर कोसळली आणि त्या घरांवरचा विश्वासच उडाला. नंतर आली स्लॅबची घरे. ती भूकंपाला अधिक टिकावीत अशी बांधता येतात, मात्र स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता आत सोडतो. सानं गेले, त्या जागी दुसरी वाट बहुतेक नकाशांत ठेवलेली नसते.

नाइटिंगेलबाईंचा नियम तिथे उलटा करून लावता येतो: हवा बाहेरइतकी ताजी, पण माणूस भाजू नये. भर उन्हात खिडक्या लावून घ्याव्यात, आत माणसे असतील तर सावलीच्या बाजूचा एखादा झरोका तेवढा उघडा असावा, आणि सूर्य कलल्यावर समोरासमोरच्या खिडक्या उघडून रात्रभर घर निववावे. डासांची जाळी वारा अडवते, सरकत्या खिडकीचे अर्धेच तोंड उघडते. म्हणून खिडकीचे माप ठरवताना हे वजा करूनच धरायचे. चोरीच्या भीतीने खालची खिडकी लावावी लागत असेल तर छताजवळचे झरोके गज लावून उघडे ठेवता येतात. मराठवाड्यात घरोघरी दिसणारा कूलर तर संतुलित हवेचा उत्तम धडा आहे. तो खिडकीत बाहेरच्या बाजूला बसवला आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवली तर ताजी, गार हवा आत येते आणि शिळी बाहेर जाते. तोच खोलीत ओढून दारे लावली की थोड्या वेळात सगळे चिकचिकीत.

उलट चूक एक्झॉस्ट पंख्याची. स्वयंपाकघरातला पंखा हवा बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यावीच लागते. तिच्यासाठी वाट ठेवली नाही तर ती मिळेल तिथून येते: संडासाच्या दाराखालून, पाणी सुकलेल्या मोरीच्या जाळीतून. स्कुटारीच्या बराकीतला प्रकार छोट्या मापात घरी घडतो. बंद न्हाणीघरातला गॅस गिझर याहून घातक. ताजी हवा न मिळाल्याने ज्योत अर्धवट जळते, वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि आंघोळीला गेलेला माणूस बेशुद्ध पडतो. तो गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवण्याला पर्याय नाही.

भारतात नाइटिंगेलबाई कधीच आल्या नाहीत. तरी 1859 पासून त्या इथल्या आरोग्याच्या मागे लागल्या. लष्करी ठाण्यांना प्रश्नपत्रिका पाठवून त्यांनी माहितीचे ढीग मागवले. तेव्हा इथल्या गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी 69 माणसे मरत. 1873 च्या सुमारास हा आकडा 18 वर आला. पुढे त्यांची नजर बराकीतून गावाकडे वळली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. मुंबई इलाख्यात 1889 मध्ये ग्रामस्वच्छतेचा कायदा झाला, पण पैशांवाचून तो कागदावर राहील हे त्यांना दिसत होते. गावाकडून गोळा होणाऱ्या कराच्या रकमेवर पहिला हक्क स्वच्छतेचा असावा, असा धोशा त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर लावला. तो कायदा रेणापूरला लागू नव्हता. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता.

एका बाबतीत बाई चुकत होत्या. दूषित हवेतूनच रोग उपजतात, असे त्या दीर्घकाळ मानत आणि संसर्गाची कल्पना झिडकारत. कॉलरा पाण्यातून पसरतो, हवेतून नाही. जंतूंचा पुरावा साचत गेला तसे 1880 च्या दशकात त्यांच्या लिखाणात जंतुनाशकांचे उल्लेख येऊ लागले. गंमत अशी की क्षय, गोवर आणि आपण नुकताच सोसलेला कोविड हे हवेतूनच पसरतात, त्यामुळे चुकीच्या कारणासाठी धरलेला त्यांचा आग्रह बऱ्याच अंशी बरोबर ठरला. पेरूमधल्या लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांची पाहणी 2007 मध्ये प्रसिद्ध झाली. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या उघडल्यावर हवा जितक्या वेगाने बदलत होती, तितकी ती यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांतही बदलत नव्हती.

लंडनचे सेंट थॉमस रुग्णालय 1871 मध्ये थेम्सकाठी नव्या इमारतीत गेले, ते बाईंच्या विचारांनुसार बांधलेले. सुटे सुटे लांब वॉर्ड, दोन्ही भिंतींना समोरासमोर उंच खिडक्या. 1907 मध्ये त्यांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' मिळाला, तो मिळालेली ती पहिली स्त्री. तोवर दृष्टी गेली होती. 13 ऑगस्ट 1910 रोजी लंडनमधल्या घरी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन करण्याची तयारी सरकारने दाखवली होती. नातेवाइकांनी ती नाकारली. हॅम्पशायरमधल्या ईस्ट वेलो गावी, आईवडिलांशेजारी त्यांना पुरले. थडग्यावर त्यांच्यासाठी नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा एवढेच कोरले आहे.