काळ्या पाषाणातील दलदल
कोल्हापूरचा काळा कातळ म्हणजे दख्खनच्या थिजलेल्या लाव्ह्याचे थर. अशा थरांमधील गाळात दडलेल्या वनस्पती उजेडात आणणाऱ्यांत अग्रणी होते पुरावनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. बिरबल साहनी. जन्म १८९१ चा, भेरा येथला. १९२१ पासून ते लखनौ विद्यापीठात प्राध्यापक. १९४३ मध्ये एच. एस. राव यांच्यासह त्यांनी नागपूरच्या उत्तरेकडील सौसर येथील खडकातून ‘अ‍ॅझोला’ या पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्याचे जीवाश्म वर्णिले. पराग व बीजाणूंची चिवट कवचे चिखलातही टिकतात. त्यांवरूनच लुप्त दलदलीची वनसंपदा उमगते. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी त्यांच्या लखनौतील संस्थेची कोनशिला बसविली. अवघ्या आठवड्यात साहनी निवर्तले. पत्नी सावित्रीदेवींनी संस्थेची धुरा खांद्यावर घेतली.