सहा लाख श्लोकांची राख

नांदेडच्या घाटावर बसलो की गुणाढ्य आठवतो. हीच गोदावरी वर सातवाहनांच्या पैठणवरून येते.

गुणाढ्य सातवाहन राजाचा मंत्री. कथासरित्सागरात त्याची हकिगत आहे. राजाला संस्कृत व्याकरण शिकवायला त्यानं सहा वर्षं मागितली. शर्ववर्म्यानं सहा महिन्यांची पैज घेतली अन् जिंकली. हरलेल्या गुणाढ्यानं संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या. विंध्याच्या रानात पैशाची शिकून त्यानं विद्याधरांच्या कथा लिहिल्या. सात लाख श्लोक, स्वतःच्या रक्तानं. राजानं त्या हिणकस ठरवून परत पाठवल्या. मग एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत तो अग्नीत टाकू लागला. हरणं चरायचं विसरली. राजा धावत आला तेव्हा एकच लाख उरले होते.

ही बृहत्कथा. मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. पण बाण-दंडींनी तिला मान दिला. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं तिच्याच परंपरेतून कथासरित्सागर रचला.

लातूरच्या शाखेत असताना मीही राक्षसांची एक कादंबरी लिहिली होती. एका संपादकांनी ती पोरकट म्हणून परत केली. मी ती ट्रंकेत टाकली अन् पुढं दुष्काळ, कर्ज, वाटण्या यांवर लिहीत राहिलो. त्याची खंत नाही. पण अद्भुत ते हलकंच, हे मी मुकाट्यानं मान्य केलं, ते चुकलं. विद्याधर कल्पित असतील. त्यांचा लोभ अन् विरह आपलाच असतो. राजानं भाषा पाहिली, गोष्ट ऐकलीच नाही.

परवा नातीनं ती ट्रंक उघडली. मी अडवलं नाही.