नारायण मेघाजी लोखंडे

भिवंडीजवळच्या दापोडे गावापासून ठाणे शहर फार दूर नाही. याच ठाण्यात १८४८ साली नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म एका गरीब कुटुंबात झाला. शिक्षण आटोपताच त्यांनी नोकरी धरली. प्रथम रेल्वेत, मग टपालखात्यात. पुढे मुंबईस मांडवी येथील कापडगिरणीत कोठारावर त्यांची नेमणूक झाली आणि कामगारांचे जीवन त्यांस अगदी जवळून पाहावयास मिळाले.

दिवस उजाडताच कामगार गिरणीत शिरत, ते सूर्य मावळल्यावर बाहेर पडत. आठवड्याची सुट्टी कोणास ठाऊक नव्हती. १८८१ साली सरकारने कायदा केला, तो मुलांपुरता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र रोज नऊ तास राबविता येत असे. मुलांनो, ती तुमच्याच वयाची, किंबहुना तुमच्याहूनही लहान होती!

कोकणातून आणि घाटावरून आलेला हा कामगार काही कोणाचा गुलाम नव्हता. मनास येईल तेव्हा त्याने नोकरी सोडावी, दुसरी धरावी, अशी मोकळीक त्याला दिसावयास होती. परंतु केलेल्या कामाचा पगार मालकाकडे कित्येक दिवस अडकून राही. तोवर घरात दाणे आणावयाचे कोठून? वाण्याची उधारी वाढे, सावकाराचे व्याज चढे. नोकरी सोडावी, तर मागचा पगार बुडण्याचे भय! दारिद्र्याने ती मोकळीक अशी बांधून टाकली होती. लोखंड्यांनी नेमकी हीच गाठ ओळखली.

जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते निष्ठावंत कार्यकर्ते होते. १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राची धुरा त्यांनी वाहिली. १८८४ च्या सप्टेंबरात परळ येथे त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या वतीने सरकारकडे अर्ज धाडला. मागणे फार नव्हते. रविवारी सुट्टी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडावा आणि कामावर इजा झाल्यास बरे होईपर्यंत वेतन चालू राहावे, एवढेच! त्यांनी स्थापलेल्या संघटनेजवळ ना वर्गणी होती, ना निधी. तरीही त्यांनी नेट सोडला नाही.

सहा वर्षे लोटली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुरुष कामगारांच्या रोजच्या तासांना कायद्याने मर्यादा पडावयास मात्र १९११ साल उजाडावे लागले.

ते पाहण्यास लोखंडे नव्हते. मुंबईत प्लेगची भयंकर साथ पसरली होती. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी तिने त्यांचाही बळी घेतला. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशीही गाठलेली नव्हती.